मुठीवरचा हात

"मग दोष आहे तरी कशात, चाचा?"

एवढं विचारून शैलेश जंगम ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. उत्तराची आशा त्याला नव्हतीच. अकरा दिवस झाले होते. अकरा दिवसांत माणूस देवाला विचारून दमतो, हमीदचाचा तर साधे मिस्त्री.

साधे म्हणजे, पाचगणीच्या पठाराखालच्या सात गावांत एके काळी त्यांच्याशिवाय पान हलत नसे. आता नजर मंदावली होती, हात कापत होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्यावरच्या गॅरेजची किल्ली शैलेशच्या हातात दिली आणि स्वतः घरी येऊन बसले.

शैलेश पुण्याला जाऊन कंपनीचं शिक्षण घेऊन आला होता. त्याचं प्रमाणपत्र गॅरेजच्या भिंतीवर काचेत होतं. एका गाडीनं त्याची सगळी मिजास उतरवली होती.

ती गाडी आता अंगणात उभी होती. आरोग्य उपकेंद्रातल्या मंदाकिनी सिस्टरांची दुचाकी.

चाचा सुपात घेवडा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "काय काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचारा. पहिल्याच दिवशी हवेची झडप उघडली, काजळी साचली होती, चकचकीत साफ केली. मग प्लग बदलला. इंजेक्टर धुतला. तापमानाचा सेन्सर नवा, बॅटरी नवी, पेट्रोल नवं. संगणक लावला. तो म्हणतो, गाडीत काही दोष नाही."

"अन् गाडी काय म्हणती?"

"सकाळी थंड असताना चालू होते, दोन-चार उसासे टाकते आणि मरते. रेस देत राहिलं तर जगते. रेसची मूठ सोडली की खलास. एकदा गरम झाली की दिवसभर गुणी बाळ."

चाचांनी एक किडका दाणा बाहेर टाकला.

शैलेशनं खिशातून गॅरेजची किल्ली काढली आणि सुपात ठेवली.

"हे काय?"

"परवा सकाळी सिस्टर लसीची पेटी घेऊन निघाल्या. पहिल्या वळणावर मूठ सोडली आणि गाडी बंद. मागून दुधाचा टेम्पो. वीतभर अंतर ठेवून थांबला हो… उद्या नाही थांबला तर? माझ्याच्यानं होत नाही चाचा. पुण्यात गोदामात नोकरी बघितलीय. निदान तिथं माझ्या हातून कुणी मरणार नाही."

चाचांनी किल्ली सुपातून उचलली.

"सकाळी किती वेळा चालू करून बघतोस?"

"दहा-बारा वेळा तरी."

"पहिली सोडली तर बाकीच्या अकरांत काय बघतोस?"

एकदा चालू झालेलं इंजिन थंड राहत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. अकरा दिवसांत ते शैलेशच्या टाळक्यात आलं नव्हतं.

"गाडी रातभर हितंच राहू दे. उद्या साडेसहाला ये."

चाचांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि घेवडा निवडायला लागले.

*

सकाळी धुकं एवढं की अंगणातली गाडी पायरीवरून दिसेना. सीटवर दव साचलं होतं. चाचा घोंगडी पांघरून बसले होते, दोन्ही हात काखेत. चहाचा पेला कट्ट्यावर तसाच होता.

"चहा निवतोय, चाचा. धरू का पेला?"

"नको. हात जागा झाला की पितो. सकाळी त्याला जरा वेळ लागतो… कर चालू."

शैलेशनं चावी फिरवली, बटनावर अंगठा ठेवला.

"थांब."

चाचा उठले. कण्हत, गुडघे धरत खाली आले. डोळे बारीक करून शैलेशच्या उजव्या हाताशी वाकले.

"ही मूठ का पिळलीस?"

शैलेशनं खाली बघितलं. मूठ खरंच पिळलेली होती. त्याला पत्ताच नव्हता.

"थंडीत जरा रेस द्यावीच लागते ना."

"कुणी सांगितलं?"

"…तुम्ही."

खरंच होतं ते. बारा वर्षांपूर्वी, अशाच जानेवारीत, ह्याच अंगणात एक जुनी कार्बुरेटरची, हातानंच सांभाळावी लागणारी गाडी होती. चाचांनी त्याच्या हातावर हात ठेवून शिकवलं होतं, थंडीत मुठीवरचा हात सोडायचा नाही, लेकराला धरल्यागत धरायचं. आणि त्यानं तेच इमानेइतबारे सिस्टरांना सांगितलं होतं, सकाळी जरा रेस देऊनच चालू करत जा.

चाचा पायरीवर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

"बरोबरच शिकवलं हुतं," ते हळू म्हणाले. "त्या गाडीला."

शैलेशला पुण्यातली वही आठवत होती. झडप साफ केल्यावर मुठीला हात लावू नये. थंड इंजिन चालू करून गरम होईपर्यंत आपलं आपण चालू द्यावं, म्हणजे किती हवा घ्यायची ते गाडी, तिच्यातला छोटा संगणक, नव्यानं शिकते. त्यानं स्वतःच्या हातानं लिहून खाली लाल रेघ मारली होती. काजळी पहिल्या दिवशीच गेली होती. पुढचे दहा दिवस गाडी शिकायला बसली की तो मध्ये हात घालत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि रडूही आलं.

"हात काढ," चाचा म्हणाले.

चावी फिरली. टाकीखाली पंप घूंऽ करून थांबला. बटन दाबलं. इंजिन उठलं, चढलं, मग खाली खाली यायला लागलं. फडफडलं… शैलेशचा हात आपसूक मुठीकडे धावला.

चाचांनी मनगट धरलं. कापऱ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

इंजिन मेलं.

"चाचा, बघा, मेली ना!"

"मरू दे. परत लाव. अन् हात पाठीमागं बांध."

दुसऱ्यांदा ती थरथरली, खोकली, आता गेली आता गेली असं करत राहिली… आणि गेली नाही. दोघं पायरीवर बसून होते. धुकं ओसरलं. चहावर साय धरली. इंजिन आपलं आपण बोलत राहिलं.

"झालं का?" शेवटी शैलेशनं विचारलं.

"आता तर गरम हाय ती. उद्या कळंल."

*

दुसऱ्या दिवशी सातला मंदाकिनी सिस्टर लसीची पेटी घेऊन आल्या.

"चावी फिरवा, पंप थांबू द्या, नुसतं बटन दाबा," शैलेश म्हणाला. "मुठीला हात लावायचा नाही."

"अहो, मग बंद पडेल ना!"

"पडू द्या."

सिस्टरांनी त्याच्याकडे, मग चाचांकडे बघितलं. भीत भीत बटन दाबलं.

इंजिन उठलं, चढलं. खाली यायला लागलं. शैलेशनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले…

एका जागी येऊन ते स्थिर झालं.

"अगं बाई!" सिस्टरांचा आवाजच फुटला. "त्या दिवसापासून गाडीला हात लावायची हिंमत होत नव्हती हो. घरी कुणाला सांगितलं नव्हतं मी."

त्या गेल्या. दोघं कान देऊन बसले. आवाज उताराला लागला, पहिल्या वळणावर हळू झाला… आणि न तुटता पुढे गेला.

शैलेशनं श्वास सोडला. पुण्याला काय कळवायचं ते त्यानं ठरवलं होतं.

"चाचा… किल्ली."

चाचांनी खिशातून किल्ली काढली आणि पुढे केली. हात जागा झाला नव्हता. किल्ली कडीत खुळखुळत होती.

शैलेशचा हात तो हात धरायला पुढे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. त्यानं तो परत मांडीवर ठेवला.

ऊन ओसरीवर आलं. पायरीवर चढलं. खुळखुळ मंदावली… मग थांबली.

"आता घे," चाचा म्हणाले.