ठिपलीचा डावा टिंग

रेवूच्या डोक्यात, दोन कानांच्या मधोमध, एक पेशी राहायची. एवढुश्शी! नाव तिचं ठिपली. जरा खुट्ट झालं, की ठिपली दचकायची.

उजव्या कानातून यायचा टिंग. डाव्या कानातून यायचा टिंग. दोन्ही टिंग मिळाले, की आधी कुठला आला ते बघून ठिपली सांगायची, "आई त्या बाजूला!"

एकदा आईने हाक मारली, "रेवूऽ, इकडे बघ!"

उजवा टिंग आला. डावा टिंग... आलाच नाही!

"अगं बाई! माझा टिंग हरवला!"

रेवूने उजवीकडे बघितलं. भिंत! आई नाहीच! रेवूचा ओठ बाहेर आला.

ठिपली धावली डाव्या कानात. सुळुक सुळुक! तिथे होता इवलासा केस.

"केसदादा, डुल ना!
टिंग मिळेना,
रेवूला आई दिसेना!"

"पाणी हलेल, तर मी डुलेन."

सुळुक सुळुक!

"पाणीमावशी, हल ना!
केस डुलेना,
टिंग मिळेना,
रेवूला आई दिसेना!"

"अय्या, खरंच? पण हाड वाजेल, तर मी हलेन."

सुळुक सुळुक!

"हाडकाका, वाज ना!
पाणी हलेना,
केस डुलेना,
टिंग मिळेना,
रेवूला आई दिसेना!"

"पडदा थरथरेल, तर मी वाजेन."

सुळुक सुळुक!

"पडदेमामा, थरथर ना!
हाड वाजेना,
पाणी हलेना,
केस डुलेना,
टिंग मिळेना,
रेवूला आई दिसेना!"

"बाहेर बघ की! कानटोपी तिरकी झालीय, या कानावरच बसलीय. ती सरकेल, तर मी थरथरेन."

सुळुक सुळुक!

"टोपीताई, सरक ना!
पडदा थरथरेना,
हाड वाजेना,
पाणी हलेना,
केस डुलेना,
टिंग मिळेना,
रेवूला आई दिसेना!"

"मी आपली आपण सरकू? काहीतरीच! हात ओढेल, तर मी सरकेन."

सुळुक सुळुक!

"हातभाऊ, ओढ ना!
टोपी सरकेना,
पडदा थरथरेना,
हाड वाजेना,
पाणी हलेना,
केस डुलेना,
टिंग मिळेना,
रेवूला आई दिसेना!"

"कसा ओढू गं? माझ्यात खुळखुळा आहे!"

झालं! आता कोणाला सांगायचं? ठिपली सुळुक सुळुक परत आपल्या जागी आली. रेवूने रडायला तोंड उघडलं. एवढं मोठ्ठं!

तेवढ्यात स्वयंपाकघरात झाकण पडलं.

ठण्ण! ठण्ण! ठणाऽऽण!

"आई गंऽ!" ठिपली दचकली.

ठिपली दचकली, तशी रेवू दचकली. खुळखुळा उडाला. हात वर गेला. बोटांत टोपीचा गोंडा आला!

हाताने ओढलं.
टोपी सरकली.

"रेवूऽ, भ्यालीस का गं? झाकण पडलं बघ!"

पडदा थरथरला. थर्र!
हाड वाजलं. टक टक!
पाणी हललं. डुबुक!
केस डुलला. आणि...

टिंग! डावा टिंग! मागोमाग उजवा, टिंग!

"आई डावीकडे!" ठिपली ओरडली.

रेवूने मान वळवली. आई! कणकेच्या हातांची आई! रेवू खुदकन हसली.

आईने डाव्या कानाशी पापा घेतला. च्युक!

आणि ठिपली? परत दचकली!