ठकूबाईनं भरली मतदारयादी

"उद्या सूर्य मावळायच्या आत सोळा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक पोरापोरीचं नाव मतदारांच्या यादीत हवं! पण एकाही पोरानं गड चढायचा नाही, माझ्या एकाही कारकुनानं गड उतरायचा नाही. शिवाय वयाचा पुरावा हवा! नाही जमलं, तर शाळेचा कबुतरखाना करतो!"

चंडकेतू महाराज गरजले आणि उंबरगडच्या पंतोजींनी दरबारातच डोळे फिरवले. बिचाऱ्यांनी मागितलं होतं काय, तर शिकत्या पोरांना मत! इथं कोतवालाला लोकच निवडायचे, मडक्यात चिंचोके टाकून. पण यादीत नाव घालायचं, तर आपल्या बारशाच्या घुगऱ्या खाल्लेले तीन साक्षीदार घेऊन सातशे पायऱ्या चढायच्या! घुगऱ्या खाल्लेली माणसं, कुणी देवाघरी गेलेली, कुणाचे गुडघे गेलेले. यादीतला सगळ्यात कोवळा मतदार बासष्ट वर्षांचा, आणि कोतवाल त्याहून जून. चोर पळाला की कोतवाल आधी काठी शोधायचा, मग जोडे, मग चोर!

सोबत आलेल्या, शाळेची घंटा वाजवणाऱ्या ठकूबाईनं पंतोजींच्या तोंडावर पाणी मारलं. "उठा गुरुजी! कबुतरांना पाढे शिकवायचेत का?"

दुसऱ्या दिवशी तिनं घंटा वाजवली, भाकरी खाल्ली आणि चक्क ताणून दिली!

"ठकूबाई, सूर्य कलला!" पंतोजी रडकुंडीला आले.

"कलू द्या. रोजच कलतो."

मग उठून तिनं एक जाडजूड वही काखोटीला मारली आणि धापा टाकत गड चढली.

"ही घ्या यादी, सरकार! शाळेची दाखल्याची वही. पोर शाळेत घालताना आई जन्मतिथी सांगते, पंतोजी लिहून घेतात. सोळा पुरी झालेल्यांची एकशेचार नावं दहा वर्षांपूर्वीच लिहून तयार आहेत!"

"आणि पुरावा?" दिवाणजी खेकसले.

"पानापानाखाली महाराजांचा शिक्का आहे की! दरसाल वही गडावर येते, महाराज स्वतः शिक्का मारतात. खोटा म्हणता?"

दिवाणजींनी वही ओढून महाराजांपुढं धरली.

"अगं, तो शिक्का पोरांना शाळेत घ्यायला मारला होता!" महाराज म्हणाले.

"मग काय, शिक्का बसला म्हणून पोरं वाढायची थांबली?"

दरबार फिसकन हसला. महाराज हट्टाला पेटले. "आणि एखाद्याला यादीत यायचंच नसेल तर?"

"तर त्यानं खुशाल सातशे पायऱ्या चढून यावं आणि म्हणावं, 'मला मत नको, खोडा नाव!' आजवर हवं असणाऱ्यांनी पायऱ्या झिजवल्या, आता नको असणाऱ्यांनी झिजवाव्या!"

महाराज असे हसले, असे हसले, की मुकुट घरंगळून दिवाणजींच्या मांडीत पडला!

"हरलो बाई! आजपासून दरसाल ह्याच वहीतून यादी! आणि हिला माझा हत्ती द्या!"

मग काय! अंबारीत वही, वहीशेजारी पेढे खात ठकूबाई, पुढं एकशेचार पोरंपोरी लेझीम खेळताहेत, आणि मागून धोतर सावरत पंतोजी ओरडताहेत, "अगं, हळू हाक! पानं सुटतील!"