रुंद टायर आणि म्हातारं इंजिन

यंत्रांनाही तोंड होतं, त्या काळातली ही गोष्ट. हैबतरावांनी रुबाबासाठी जुन्या जीपला रुंद, जाडजूड टायर बसवले आणि तेव्हापासून डिझेल पुरेना.

"इंजिन खादाड झालंय," हैबतराव गाडी चालवता चालवता म्हणाले. "उद्या काढून भंगारात टाकतो."

टायर खदाखदा हसले. "काय आजोबा, खायला काळ अन् भुईला भार! आम्ही धावतो म्हणून तुमचं निभतंय."

म्हातारं इंजिन महिनाभर धुमसत होतं, ते आता भडकलं. "भुईला भार कोण रे? तुमची धुडं फिरवताना माझा जीव जातो. डिझेल तुमच्यापायी जळतं आणि खादाड मी? धावा आता तुमचे तुम्ही!" आणि ते भर रस्त्यात बंद पडलं.

टायर जागचे हलेनात. हैबतराव शिव्या घालत उतरले आणि जीप ढकलू लागले. पूर्वी ते तिला एका खांद्यानं रेटत. आज घामानं निथळले, तरी ती जेमतेम वीतभर सरकली. धापा टाकत त्यांनी खाली पाहिलं.

"लेकांनो," ते दात-ओठ खात टायरांना म्हणाले, "तुमच्यापायी मी म्हाताऱ्याचा जीव घेणार होतो!"