नागडा चाफा आणि जपानी मेपल

झाडं माणसांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. पाचगणीच्या द्वारकाबाईंनी होळीच्या सुमारास अंगणात हौसेनं जपानी मेपल लावला. नक्षीदार पानांचा तोरा काय सांगावा! शेजारच्या पानं झडलेल्या चाफ्याला तो रोज म्हणायचा, "नागड्या, लाज नाही वाटत?"

थंडी आली. मेपल लालभडक झाला. बाईंनी दृष्ट काढली, बुंध्याशी ताक ओतलं. झाडाला कसली दृष्ट लागते? पण बाईंना कोण सांगणार! शेवटी सगळी पानं गळाली. "मेलं गं बाई!" म्हणत त्यांनी उपटायला कुदळ उचलली. मेपलची वाचाच बसली.

चाफा खेकसला, "अहो बाई, आधी नखानं साल खरवडून बघा!"

खरवडली. आत हिरवंगार! बाई हसत कुदळ ठेवून आल्या.

मेपल पुटपुटला, "चाफेदादा, थंडी वाजतेय हो."

"वाजणारच. नागडा आहेस."