उकिडव्यांचा सिद्धांत

“नऊ साम्राज्यं तपासली, बाबा! ती सगळी कशाने बुडाली, सांगू?”

समाजशास्त्राचे प्राध्यापक उकिडवे टेकडी चढून आले होते. बारा वर्षं घासलेला ग्रंथ आता छापायला जायचा होता. त्याआधी गुलाबशा फकिराने एकदा शाबास म्हटलं, की गंगेत घोडं न्हालं.

गुलाबशा मिरचीच्या वाफ्याला पाणी घालत होते. “सांगा ना.”

“फौजा कमी पडल्या म्हणून नव्हे. ‘हुजूर, तुमचं चुकतंय’ असं म्हणणारं माणूस दरबारातून उठलं, की राज्याला घरघर लागलीच म्हणून समजा.”

“वा! लाख बोललात.”

उकिडव्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात अंगण झाडणारी हलीमाबी कडाडली, “बाबा, रोपं कुजवता काय? काल पण एवढं पानी घातलं!”

“चुकलं, बाई.” फकिराने घागर खाली ठेवली.

उकिडव्यांना हे मुळीच रुचलं नाही. “फार डोक्यावर चढवून ठेवलंय हिला.”

“तुम्हाला नाही कुणी असं बोलत?”

“कुणाची टाप आहे! वीस वर्षं विभागप्रमुख आहे मी. एका वाघचौरे नावाच्या मुलीने प्रबंधात माझाच सिद्धांत खोडून काढला. हुशार आहे, खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षं झाली, प्रबंध माझ्या कपाटात आहे. मी सही केली तर पुढे जाणार ना!”

“काय म्हणते ती?”

“वाचतोय कोण!”

“आणि बाकीचे?”

“चकार शब्द काढत नाहीत.”

...

फकिराने ओले हात कफनीला पुसले. दोन पावलं मागे सरले आणि कमरेत वाकून कुर्निसात केला. एकदा... दोनदा... तीनदा.

उकिडवे आधी हसले. मग त्यांना ती मुलगी आठवली. दर सोमवारी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. गेले कित्येक महिने ती आलीच नव्हती, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

“बाबा, थट्टा पुरे. खरं सांगा... माझं चुकलं का?”

गुलाबशांनी मान वर केली नाही.

“आलमपन्हांचं कधी चुकतं का?”