सातवा नारळ

रावसाहेब इंगवले सहा वेळा आमदार झाले ते एका वाक्याच्या जोरावर. मुलींची शाळा मागा, नळ मागा, नदीवर पूल मागा, साहेब मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "वाडवडिलांचं याच्यावाचून कधी अडलं नाही. नवी थेरं आपल्याकडे नकोत." साहेबांची मोटार मात्र दर निवडणुकीला नवी असायची. गाव मान डोलवायचं आणि नावेत बसायचं.

प्रचाराचा पहिला नारळ गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातून घ्यायचा, हा साहेबांनीच जपलेला रिवाज. सातव्या खेपेला तो मान गणू नावाड्याकडे आला. गेल्या पुरात गणूची सून बाळंतपणाच्या कळा सोसत काठावरच गेली होती. दवाखाना पलीकडे, आणि पाणी असं चढलेलं की सासऱ्याला स्वतःची नाव लोटता आली नाही.

देवळासमोर साहेबांनी दोन्ही हात पुढे केले. गणूने नारळ छातीशी धरला.

"दे की गणूबा," साहेब हसून म्हणाले. "वाडवडिलांची रीत आहे."

"माजा आजा नव्वद वर्सं जगला, सायेब," गणू म्हणाला. "त्येच्या काळात आमदार नव्हता. त्येचं कदी अडलं न्हाई."

साहेबांचे हात तसेच पसरलेले राहिले. म्हातारा नारळ घेऊन काठावर गेला, सुनेला जिथं निजवलं होतं तिथं तो ठेवला आणि शेजारी बसून राहिला.