नेपतीने उसनी पानं नाकारली

एका गावाबाहेरच्या मुरमाड माळावर दोन काटेरी झुडपं राहत होती. एक नेपती, दुसरी वाघाटी. दोघी एकाच कुळातल्या, नात्याने मावसबहिणी. पावसाळ्यात दोघींचं बरं चालायचं. पण पाऊस सरून माळ तापू लागला की दोघींच्या रीती वेगळ्या. वाघाटी आपली चामड्यासारखी जाड पानं सांभाळत, वाढ थांबवून गप्प बसे. नेपती मात्र होती नव्हती ती सगळी पानं टाकून देई. पानांवाटे पाणी उडून जातं, हे तिला ठाऊक होतं. पानांचं काम ती आपल्या हिरव्या काटक्यांकडून करून घेई आणि मुळं खोल, आणखी खोल धाडी.

येणारेजाणारे म्हणत, "वाघाटी बघा कशी तरारलीय! आणि ही नेपती? मेली बिचारी."

एके वर्षी पाऊस फारच थोडा झाला. फाल्गुनात गावचे पाटील रायाजीराव म्हणाले, "माळावरचं वाळलेलं झुडूप न् झुडूप तोडा. होळीला घाला."

पाटलांसोबत कुऱ्हाडी घेतलेली माणसं येताना दिसली, तशी वाघाटी घाबरली. "नेपते, माझ्या फांद्या तुझ्यावर टाकते. माझी पानं पांघरून उभी राहा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," नेपती म्हणाली. "तुझी माया मोठी, बाई. पण मी जिवंतच आहे, मग जिवंत असल्याचं सोंग कशाला आणू?"

"अगं, जीव जाईल!"

"गेला तर माझ्याच रूपात जाईल."

कुऱ्हाडवाल्यांतला भिवाजी सगळ्यांच्या पुढे होता. त्याने घाव घातला. एक फांदी तुटून पडली. नेपती कळवळली, पण वाकली नाही.

"अरे, वरवर काय बघतोस?" ती कडाडली. "पान नाही म्हणून मला मढं समजतोस? या मुळांनी खडकाच्या फटीतून पाणी ओढलंय. त्या घावाला हात लाव. मग हिंमत असेल तर दुसरा घाल!"

भिवाजीने घावावर बोट ठेवलं. बोट ओलं झालं. त्याने कुऱ्हाड खाली टाकली.

"पाटील, ही जिती आहे."

"असली उघडीबोडकी जिती कशी?" पाटील चिडले.

"आहे जिती. जित्या झाडाची होळी मी करायचो नाही."

रायाजीराव पुढे आले. घाव पाहिला. ओल दिसली, तसे मागे वळले. त्यांच्यामागून माणसंही गेली.

चैत्र लागला. माळ तव्यासारखा तापला. गावातली भलीभली झाडं माना टाकून उभी राहिली. आणि त्या उघड्या नेपतीच्या अंगभर लालभडक फुलं उमलली. सगळ्या शिवारातल्या मधमाश्या तिच्याकडे धावल्या.

वाघाटी थक्क झाली. "अंगावर पान नाही, आणि एवढा थाट?"

नेपती म्हणाली, "उन्हाला वाटलं असेल, मी संपले. त्याला कळू दे."

तात्पर्य: तग धरण्याची रीत ज्याची त्याची असते. लोकांना हिरवं दिसावं म्हणून उसनी पानं पांघरू नयेत. आपल्या रीतीने ताठ उभं राहावं.